जाऊबाईंची खुर्ची

"हसायला जाते," असं सांगितलं की शेजारणी तिला वेड्यात काढायच्या. पण धाकटीचं पोट त्यावरच चालायचं. स्टुडिओत भुताच्या विनोदी मालिकेचं शूटिंग असायचं. भाड्याने आणलेल्या माणसांनी प्रेक्षकांत बसायचं आणि विनोद झाला की हसायचं. वर्षानुवर्षं ती आणि तिची थोरली जाऊ जोडीने हसल्या. थोरलीचं हसू म्हणजे आधी कुकरसारखी शिट्टी, मग खो-खो.

थोरली गेली. पोटी मूल नाही, धड एक फोटो नाही. नवऱ्याने लगेच दुसरी आणली. उरली फक्त तिची खुर्ची. त्या खुर्चीत धाकटी कुणाला टेकू द्यायची नाही.

त्या दुपारी सगळे जेवायला गेले, तेव्हा साउंडवाल्याने तिला थांबवून घेतलं. हॉलला खिडकी नव्हती. दिवे मालवलेले, त्यामुळे भर दुपारी मिट्ट काळोख, आणि पावडरीचा, ओलसर गालिच्याचा कोंदट वास.

"मावशी, हे ऐका जरा."

पडद्यावर मालिकेतली भूत-आजी नातवाला विचारत होती, "मला विसरलास का रे?" रेकॉर्डिंगमधला सगळा हॉल गप्प. आणि त्या शांततेत... शिट्टी. मग खो-खो.

धाकटीची मान झटकन थोरलीच्या खुर्चीकडे वळली.

"कितीदा पुसलं, परत येतंय," तो कुजबुजला. "रिकाम्या खुर्चीवरचा माईक आहे हा. रडायच्या जागी हसू कसं चालेल? साहेब म्हणतात, ती खुर्चीच उपटून काढा."

"काढून तर बघ! तुझ्या साहेबाची तंगडी मोडीन. अरे, रडू आलं की हसायचीच ती. सासूने घराबाहेर काढलं तेव्हा हसली, दवाखान्यात नळ्या लावल्या तेव्हा हसली. तिला ओळखणारी मी एकटी उरलेय. ते पुसलंस तर ती जगातून पुसली जाईल."

"भीती नाही वाटत, मावशी?"

"वाटते की! म्हणून काय आपल्या माणसाला ओळख दाखवायची नाही?"

ती अंधारात चाचपडत त्या खुर्चीपाशी गेली. आवाज खणखणीत लागला. "जाऊबाई, ऐकलं हं मी. बसा निवांत. तुम्हाला कोण उठवतो ते बघते."

खुर्ची गप्प होती. पण कानाला हेडफोन लावलेला साउंडवाला पांढराफटक पडला.

"मावशी... मागच्या रांगा..."

त्याने स्पीकर लावला. आधी नुसती खरखर. मग एका म्हाताऱ्याचा घोगरा, अदबशीर आवाज आला. "बाई... मला कुणी ओळखतं का... बघता जरा?" त्याच्यामागून एक बाई. मग पोरांचा गलका.

साउंडवाला दाराकडे पळाला. धाकटीने कंबरेवर हात ठेवले आणि ती मागे वळली.

"एकेकाने बोला. गर्दी करायची नाही."

त्या खुर्च्यांना स्प्रिंग होती. कुणी बसल्याशिवाय बैठक खाली येत नसे. अंधारात, शेवटच्या रांगेपासून, त्या एकामागून एक खाली येऊ लागल्या.