चौथा कागद

ऐकणाऱ्याने मानावं, न मानावं. पण इंझोरीच्या कस्तुराबाईवर हे खरोखर गुदरलं.

साल १९३१. वैशाखातली भर दुपार. वाशीमला वकिलांच्या ओसरीवर ती धाकट्या भावाला, नानाजीला घेऊन बसली होती.

नवरा जगदेव जाऊन वर्ष झालं होतं. शेत गुपचूप दिराच्या, उकंडरावाच्या नावावर चढलं होतं. कोणत्या कागदावरून, ते तो सांगत नव्हता.

वकील म्हणाले, "त्याच्याकडे कोणकोणते कागद असतील त्याची यादी करा. ते हजर करायला लावा, असा अर्ज कोर्टात देऊ."

आणि ते जेवायला आत गेले.

कस्तुराबाईला लिहिता येत नव्हतं. ती सांगत होती, नानाजी लिहीत होता.

"वाटणीपत्र लिह्य. शेतसाऱ्याच्या पावत्या. शेताचा नकाशा... बस, तीनच."

नानाजीने टाक खाली ठेवला.

तेवढ्यात... कोणीतरी खाकरलं.

अगदी कानाशी. जगदेव खाकरायचा तसंच.

ओसरीवर तिसरं कोणी नव्हतं.

"नाना, आयकलं का रे?"

"काई नाई, अक्का." त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

मग... टाक कागदावर घासल्याचा आवाज आला.

कर्र... कर्र...

टाक तर दौतीजवळ पडून होता.

वकील आले. यादी वाचू लागले. "वाटणीपत्र, पावत्या, नकाशा... आणि चार, जगदेवचं हक्कसोडपत्र."

"चार? मी तं तीनच सांगतले!"

ओळ अजून ओली होती. अक्षर नानाजीचं होतं.

वकिलांनी ती तशीच राहू दिली.

कोर्टाचा हुकूम झाला. उकंडरावाला तो चौथा कागद आणावाच लागला.

खाली जगदेवचा अंगठा. तारीख, तो गेला तीच.

साक्षीदार... नानाजी.

कस्तुराबाईला तो दिवस आठवला. प्रेताला अंघोळ घालताना अंगठ्याला शाई दिसली होती. तिनेच ती पुसली होती. त्याआधी प्रेताजवळ एकटा नानाजी बसला होता. "अक्का, तू जराशी पड. मी हाओ ना."

कोर्टाबाहेर त्याने तिचे पाय धरले.

"अक्का, देवाची आन! थे चौथी ओळ मी नाई लिवली!"

तो अजून काही बोलेल म्हणून ती थांबली.

सहीबद्दल तो एक शब्द बोलला नाही.

कागद खोटा ठरला, शेत तिला मिळालं. माहेर कायमचं सुटलं.

पण एका प्रश्नाने तिला मरेपर्यंत झोपू दिलं नाही.

जगदेवला सारं ठाऊक होतं... तर वर्षभर नानाजीच्याच हातचं पाणी त्याने तिला का पिऊ दिलं?