बारा खुणांची वही

"सत्तावन्न हजार सहाशे डॉलर, होयो! कुठं दडवलेस?"

अर्दोच्या हातातली पळी तव्यावर फिरता फिरता थांबली. अंजेरोचं, सोमाली धिरड्याचं, पीठ गोल पसरायचं सोडून एका बाजूला ओघळलं आणि करपायला लागलं... पण तिचे डोळे पोरीच्या चेहऱ्यावर खिळले होते. अठरा वर्षांची हिबाक! सगळं आयुष्य जिनं आईला 'होयो' म्हणून हाक मारली आणि सोमाली घरातल्या रीतीप्रमाणे आईनंही जिला उलट 'होयो'च म्हटलं, त्या पोरीच्या डोळ्यांत आज तिरस्कार पेटला होता.

"ओरडू नकोस. पत्रात काय लिहिलंय ते नीट सांग."

"लिहिलंय की माझी आई श्रीमंत आहे! तिच्या नावावर एक खातं आहे, त्यात दर महिन्याला चार हजार आठशे येतात आणि ते आपण लपवले. म्हणून कॉलेजची मदत बंद. वर्षाचे एकवीस हजार आता आपले आपण भरायचे. एक मेपर्यंत कळवलं नाही तर माझी जागा दुसऱ्याला. अकरा दिवस उरलेत!"

टेबलाशी चहा पीत बसलेल्या गुलेदनं कप खाली ठेवला. दिवसभर टॅक्सी चालवून आलेला माणूस, मुळात कमी बोलणारा. पण आज त्यानं बायकोकडे असं पाहिलं, जसं एखाद्या अनोळखी उतारूकडे आरशातून पाहावं.

"भावांना पाठवतेस का? वीस वर्षं एका ताटात जेवतोय आपण, अर्दो... माझ्या पाठीमागे?"

"भिशीचे आहेत ते," अर्दो म्हणाली. "अयूतोचे. तुला ठाऊक आहे मी अयूतो चालवते."

"मला वाटलं चहापाण्याची भिशी असेल! वीस-वीस डॉलरची!"

चहापाण्याची! बाराजणींची भिशी, महिन्याला चारशे डॉलर एकेकीचे, आणि दर महिन्याला सगळी थैली एकीच्या पदरात. त्यावर कुणाची शिलाईची मशीन आली, कुणाच्या आईचं ऑपरेशन झालं, कुणाचा नवरा निर्वासितांच्या छावणीतून इथवर पोचला... आणि पुरुषांना वाटतं, बायका जमून चहा ढोसतात!

या वर्षी जूनची पाळी अर्दोची स्वतःची होती. एकोणीस वर्षं तिनं आईला पाहिलं नव्हतं. नैरोबीत म्हातारी आता बहुतेक नुसत्या आवाजावर माणसं ओळखत होती, दर शुक्रवारी फोनवर एकच विचारत होती, "अर्दो, माझे डोळे आहेत तोवर येशील ना गं?" तिकीट काढायचं ठरलं होतं. ते अर्दोनं कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःसाठी काही हवंय हे सांगायची सवयच नव्हती तिला!

"मग सोपं आहे," हिबाक म्हणाली. तिचा आवाज एकदम मऊ झाला, आशेनं. "पैसे त्या बायकांचे आहेत एवढंच सिद्ध करायचं. प्रत्येकीनं एक कागद लिहायचा, नाव, पत्ता, सही. उद्याच जाऊ."

"नावं मिळणार नाहीत."

"काय?"

"नावं माझ्या तोंडातून बाहेर जाणार नाहीत, होयो. त्या बोलीवरच पैसे ठेवतात त्या माझ्याकडे."

बारापैकी एकजण दर महिन्याला पैसे द्यायला आली की बाही मनगटापर्यंत ओढून घ्यायची. तिच्या नवऱ्याला भिशीचा पत्ता नव्हता आणि लागता कामा नये होता. ती एका दाराचे पैसे जमवत होती, बाहेर पडायच्या दाराचे. तिला अर्दो मनातसुद्धा नावानं हाक मारत नसे. वहीत प्रत्येकीची खूण होती, कारण अर्दोला अक्षर येत नव्हतं: कुणाची किटली, कुणाचा उंट, आणि तिची कात्री. कात्रीवाली... बस्स. आता कॉलेजच्या फाइलीत तिचं नाव, पत्ता, सही? फाइलीला पाय फुटत नाहीत असं कोण म्हणेल?

"म्हणजे बारा परक्या बायका तुला माझ्याहून जवळच्या!" हिबाकनं पत्र टेबलावर आपटलं. "कर्ज काढते म्हटलं तर आबो म्हणतात व्याज हराम. मदत मागितली तर आई म्हणते तोंड उघडणार नाही. मला जन्म दिलात कशाला? या घरात सगळ्यांचे कागद मी भरते. विजेचं बिल मी, डॉक्टरची वेळ मी, आबोंचं लायसन मी! माझा एक कागद आला तर..."

अर्दोच्या जिभेच्या टोकावर एक वाक्य आलं होतं. ते खातं तूच उघडून दिलंस! दोन हिवाळ्यांपूर्वी वरच्या मजल्यावर घरफोडी झाली, तेव्हा भिशीचे पैसे तांदळाच्या डब्यात असायचे. तूच म्हणालीस, "होयो, वेडी आहेस का, बँकेत ठेव," आणि याच खुर्चीवर बसून फोनवर दहा मिनिटांत माझ्या नावानं खातं काढलंस आणि विसरलीस. आणि कॉलेजनं सगळ्या खात्यांचे कागद मागितले, तेव्हा तूच म्हणालीस सगळे दे, म्हणून मी बँकेतून आणून पाकिटात घातले, आणि परीक्षेच्या घाईत तू ते न वाचताच धाडलेस...

ते वाक्य अर्दोनं गिळलं. सांगितलं असतं तर क्षणात सुटली असती ती! पण मग पोर जन्मभर स्वतःला खात बसली असती. त्यापेक्षा आईला खाऊ दे.

तिनं करपलेला अंजेरो खरवडून काढला आणि दुसरी पळी घातली.

पुढचे दिवस घरात कुणी धड बसलं नाही. हिबाक आईशी बोलेना. गुलेद जेवण झालं की टॅक्सीत जाऊन बसायचा, इंजिन बंद करून. अर्दो उठायची, पडदा सरकवायची, पुन्हा ओढायची, वही उघडायची, मिटायची. हात रिकामा राहिला की बोटं आपोआप वळायची, टर्कीचं मांस कापताना वळतात तशी. तेरा वर्षं ती मिनेसोटातल्या एका मांसाच्या कारखान्यात उभी होती. सकाळी उठल्यावर मुठी उघडायला गरम पाणी लागायचं तिला.

शनिवारी दुपारी मुकादम नव्या माणसांना पट्ट्यावर घेऊन आला. पांढरे कोट, केसांवर जाळ्या, सगळे सारखेच. त्यातली एक उंच पोर अर्दोच्या समोरच्या जागी उभी राहिली. तिनं सुरी उलटी धरली होती.

अर्दोनं वर पाहिलं. हिबाक!

"इथं काय करतेस तू?"

"मी अठराची आहे. शनिवार-रविवार, आणि शाळा संपली की रोज," हिबाक म्हणाली. "कॉलेज नाही म्हटल्यावर आपल्यासारख्यांनी कुठं जायचं? इथंच ना?"

"सुरी खाली ठेव!"

"तू ठेवतेस?"

पट्टा थांबत नसतो. एकामागून एक थंडगार धूड पुढं सरकत होतं, मुकादम बघत होता, आणि अर्दो रडता रडता हात पुढं करून पोरीच्या हातातली सुरी सुलटी करून देत होती... काय दैव हे! या हातांनी तेरा वर्षं कापलं, ते या पोरीला इथं उभं राहावं लागू नये म्हणून. आणि आज याच हातांनी तिला कापायला शिकवायचं?

सुट्टी होताच तिनं कोट उतरवून पोरीचा दंड धरला.

"सोमवारी मी कॉलेजात येते. मी बोलते त्यांच्याशी. तू फक्त माझं त्यांना सांगायचं आणि त्यांचं मला. पण नावं मागू नकोस."

"नावांशिवाय काय बोलणार तू?"

"खरं."

गुलेदनंच टॅक्सीतून नेलं. दोघी मागच्या सीटवर, दोन खिडक्यांना चिकटून. अर्ध्या वाटेत तो आरशात न बघताच म्हणाला, "मीटर बंद आहे." कुणी हसलं नाही. मग हळूच म्हणाला, "अर्दो, त्या दिवशी भावांचं बोललो... जीभ झडायला हवी होती माझी." अर्दोनं पुढं वाकून त्याची कॉलर सारखी केली.

मदतीच्या कचेरीतली बाई, मिसेस लिंडक्विस्ट, पांढऱ्या केसांची, नाकावर चष्मा. तिनं बँकेचे कागद पसरले. अर्दोनं पिशवीतून वही काढून शेजारी ठेवली. किटली, उंट, कात्री, चंद्र... बारा खुणा, आणि प्रत्येकीपुढे दर महिन्याची एक एक रेघ.

"हे कुणाचे पैसे?" बाईंनी विचारलं. हिबाकनं सांगितलं.

"बाराजणींचे," अर्दो म्हणाली. "पहिल्या तारखेला येतात, तिसऱ्या तारखेला एकीकडे जातात. माझ्याकडे फक्त दोन दिवस राहतात."

"तसं दिसतंय खरं. सगळी रक्कम दर वेळी बाहेर गेली आहे. पण हे पैसे तुमच्या एकटीच्या खात्यात का? हे खातं उघडलं कुणी?"

हिबाकनं प्रश्न सोमालीत सांगितला आणि सांगता सांगता तिचा आवाज अडखळला... दहा मिनिटं. स्वयंपाकघरातली खुर्ची. तांदळाचा डबा.

अर्दोनं तिच्याकडे पाहिलंच नाही. ती सरळ त्या बाईंकडे बघत म्हणाली, "सांग त्यांना, मी उघडलं. मी अडाणी बाई, मला काही कळलं नाही. चूक माझी एकटीची. पोरीला काहीसुद्धा माहीत नव्हतं."

बाई पेन हातात घेऊन थांबल्या होत्या. "काय म्हणाल्या त्या?"

हिबाक आईकडे वळली. म्हणजे त्या दिवशी, पत्र आपटलं तेव्हा... आईला सगळं ठाऊक होतं! 'बारा परक्या बायका' म्हटलं तेव्हाही, सुरी उलटी धरून उभी राहिले तेव्हाही... एक वाक्य बोलली असती तर मीच जमिनीत गेले असते, आणि ती बोलली नाही!

"मी हे सांगणार नाही, होयो," ती पुटपुटली.

"सांग म्हणते ना!"

"नाही सांगणार!" आणि मग ती बाईंकडे वळून त्यांच्या भाषेत घडाघडा बोलायला लागली, रडत, नाक पुसत. खातं मी उघडलं. मी सोळा वर्षांची होते. पैसे मीच बँकेत ठेवायला लावले. कागद मी न वाचता पाठवले. माझी आई खोटं बोलतेय, माझ्यासाठी बोलतेय, आणि ती आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलतेय!

अर्दोला शब्द कळले नाहीत. पण पोर छातीवर हात आपटून काय सांगतेय, ते कुठल्या आईला कळत नाही? तिनं डोळे मिटून घेतले.

मिसेस लिंडक्विस्टनी चष्मा काढून पुसला. "बायकांची नावं दिलीत तर सगळी मदत परत मिळवून देता येईल. नावं नसली तर मला समितीशी भांडावं लागेल, आणि सगळी नाही मिळणार. मी खोटी आशा दाखवत नाही."

हे मात्र हिबाकनं आईला सांगितलंच नाही. तिनं स्वतःच उत्तर दिलं.

"नावं नाहीत."

"आईला विचारून तरी घे."

"विचारलंय," हिबाक म्हणाली. "इतके दिवस तेच विचारतेय. तिचं म्हणणं बरोबर आहे."

मुदतीच्या आदल्या दिवशी पत्र आलं. एकवीसपैकी सोळा हजार परत. उरलेले पाच आपण भरायचे. अर्दोनं वहीत स्वतःच्या खुणेपुढे, तेलाच्या दिव्यापुढे, जूनच्या घरात बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे घे. थोडे कमी पडतील ते आबो घालतील." शुक्रवारी तिनं नैरोबीला फोन लावला. "या वर्षी नाही जमत गं यायला," एवढंच म्हणाली. पलीकडून म्हातारीनं पुन्हा डोळ्यांचंच विचारलं. दाराआड उभ्या असलेल्या हिबाकला तेव्हा कळलं, जूनचे ते पैसे कुणासाठी होते!

जूनच्या शेवटच्या आठवड्यात हिबाक कारखान्यातून आली. टर्कीचा वास अंगाला, बोटांना पट्ट्या. हात न धुताच तिनं चारशे डॉलर अर्दोच्या मांडीवर ठेवले.

"हे काय?"

"मला लिही. तेरावी."

"भिशी बाराचीच असते. वर्षाला महिने किती?"

"मग वर्ष लांबव! आणि माझी पाळी कधीही येऊ दे, ती थैली माझ्या हातात द्यायची नाही. ती नैरोबीच्या तिकिटाची. म्हातारीला सांग, डोळे जरा सांभाळून वापर म्हणावं."

अर्दोला हसू आलं आणि हसता हसता हुंदका फुटला. तिनं पोरीची बोटं हातात घेतली, पट्ट्यांवरून हळूच अंगठा फिरवला... ती बोटं वळायला लागली होती, तिच्यासारखीच. सप्टेंबरात कॉलेज उघडेपर्यंत, तिनं स्वतःला बजावलं. फक्त सप्टेंबरपर्यंत.

"खूण काय काढू तुझी?"

"तुला वाटेल ती."

अर्दोनं पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि बाराव्या ओळीखाली, जीभ दातात धरून, सावकाश काहीतरी काढलं: एक चौकोन, वर त्रिकोण, पुढे चार खांब.

हिबाकनं वाकून पाहिलं. "हे काय, होयो? मशीद?"

"बँक," अर्दो म्हणाली.