दार लावून घ्या

"अहो, तुमची छत्री माझ्या कानात शिरतेय!"

दिपाने मान वळवली. पनवेल स्टँडवरून सुटलेल्या सहा आसनी रिक्षात नेहमीप्रमाणे सहापेक्षा बरेच जास्त लोक कोंबले होते. त्यातला एक उंच, सावळा तरुण कान चोळत हसत होता.

"मग कान आत घ्या," ती म्हणाली.

"घेतला असता हो... पण तुम्हीच कडेला बसलाय. आत सरका ना, भिजताय किती!"

"मला भिजायला आवडतं."

"कपाळाला आठ्या घालून कोणी आवडीनं भिजतं का?"

तिने छत्री ओढून मांडीवर घेतली. पण जासई येईपर्यंत तिच्या लक्षात आलं, की आपण ओढणी उगाचच सारखी सारखी नीट करतोय. त्या गोष्टीचा तिला स्वतःचाच राग आला.

कंटेनर यार्डाच्या गेटपाशी ती उतरली, तर तोही उतरला.

"मी केतन. जहाज कंपनीचा नवा सर्व्हेअर, कंटेनर तपासायला आलोय. इथल्या इन्चार्जना भेटायचंय... फार कडक आहेत म्हणे?"

"हो, आहेत," दिपा म्हणाली आणि वॉचमनचा सलाम घेत आत निघून गेली. मागे केतनने जीभ चावली असणार. तिने वळून पाहिलं नाही... म्हणजे, लगेच नाही पाहिलं.

सत्त्याण्णव सालचा आषाढ होता तो. सत्तावीस वर्षांची दिपा त्या यार्डातली पहिली बाई इन्चार्ज. हाताखाली सगळे बापये, त्यातले निम्मे तिच्या काकाच्या वयाचे. बाईच्या हुकमाखाली राहायचं म्हणजे काय, अशी कुजबुज पहिल्या दिवसापासून होती. दिपाने त्यावर एकच औषध शोधलं होतं... कडकपणा. 'मला येत नाही', 'मला जमत नाही' हे शब्द तिने घरीच ठेवले होते. एकदा का यांना आपली दुखरी नस सापडली, की आपलं कोण ऐकणार? खुर्ची राहील, पण शब्द राहणार नाही.

आणि दुखरी नस होती. निर्यातीचा माल भरण्याआधी रिकामा कंटेनर तपासायची एक साधी पद्धत असते. यार्डाचा एक माणूस आणि सर्व्हेअर, दोघांनी आत जायचं, बाहेरून दार लावून घ्यायचं आणि मिट्ट काळोखात उभं राहून छप्पर न्याहाळायचं. कुठे उजेडाचा ठिपका दिसला, तर पत्र्याला भोक आहे. उजेड येतो तिथून पाणीही येतं, म्हणून तो कंटेनर बाद. एवढंच काम. पण लहानपणी नेऱ्याला मामाकडे लपाछपी खेळताना भाताच्या कोठीत अडकलेल्या दिपाला ते बंद दार नुसतं दिसलं, तरी ती कोठी आठवायची. त्यामुळे आत नेहमी तिच्या हाताखालचा अनंताच जायचा. "फालतू कामांना मला वेळ नाही," असं ती ठसक्यात सांगायची, आणि कोणाला शंकाही येत नव्हती.

केतनला मात्र यायला लागली.

"मॅडम, आज तुम्ही चला ना आत. अनंताच्या तोंडाला तंबाखूचा वास येतो."

"नाक धरा."

"धरतो. पण तुमच्या या पेनाचं टोपण कोणी चावलंय एवढं?"

"उंदराने."

"मोठा गोड उंदीर असणार..."

ती रागाने बघायची आणि तो हसायचा. त्या हसण्याने तिचा दिवस बिघडायचा. तिला एका जागी बसवायचं नाही. मॅडमच्या पायाला भिंगरी लागलीय, असं सगळे म्हणू लागले. पावसाची सर आली की ती शेडमध्ये, ऊन पडलं की रांगांमधून, आणि कुठूनही नजर गेटकडे. सकाळी पनवेलला ती भरलेल्या रिक्षा सोडून द्यायची, आणि तो लांबून येताना दिसला, की घाईत असल्यासारखं घड्याळ बघायची. प्रेमात पडलेल्या माणसाला आपण फार हुशार आहोत असं वाटतं. ठकीने, यार्ड झाडणाऱ्या बाईने, हे सगळं केव्हाच ताडलं होतं.

एका संध्याकाळी केतन न हसता म्हणाला, "एक विचारू? माझ्याबरोबर आत यायचं तुम्ही टाळता... मी तसा माणूस वाटतो का?"

"भलतंच काय!"

"मग?"

मग... मग काय सांगायचं? "कामं आहेत मला," ती म्हणाली. त्याचा चेहरा पडला. ती रात्रभर कूस बदलत राहिली.

नारळी पौर्णिमेला निम्मं यार्ड रिकामं होतं. अनंताही समुद्राला नारळ द्यायला उरणला गेलेला. नेमकी त्याच दिवशी हळदीची पोती जायची होती. जहाज संध्याकाळचं. सकाळपासून पाऊस, आणि उजेडाची परीक्षा उन्हाशिवाय होत नाही. सगळे आभाळाकडे डोळे लावून बसले. दुपारी एकदाचं ऊन पडलं.

"चला मॅडम," केतन म्हणाला. "आज अनंता नाही."

माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट गाडीवरून ड्रायव्हर गोरख बघत होता, झाडू थांबवून ठकी बघत होती.

"ठकीला न्या."

केतन जवळ आला. आवाज खाली, पण धारदार. "समजलं. उद्यापासून दुसरा सर्व्हेअर येईल. मी मुंबई गोदीत बदली मागतो. तुम्हाला माझ्यामुळे इतका त्रास नको."

दिपा तरातरा कंटेनरमध्ये शिरली. "दार लावून घ्या!"

केतन मागून धावला. दार लागलं. कडी वाजली. आणि काळोख तिच्या अंगावर आला... श्वास घेता येईना, कान वाजू लागले, ती दोन्ही मुठींनी दार बडवू लागली. "उघडा! उघडा ना!"

गोरखने दार ओढलं. मॅडम बाहेर पडल्या त्या थेट हळदीच्या पोत्यांवर बसल्या. डोळ्यांतून येणारं पाणी हातांनी पुसू लागल्या. सगळ्यांनी पाहिलं. आता ओरडावं, 'काय बघताय, कामाला लागा!' म्हणावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिला एकदम थकवा आला. किती दिवस असं धावायचं?

"मला बंद जागेची भीती वाटते," ती म्हणाली. "लहानपणापासून. म्हणून अनंताला पाठवत होते. तुम्हाला कळलं तर माझं कोणी ऐकणार नाही... असं वाटायचं."

कोणी हसलं नाही. ठकी पुढे आली, पदराने तिचं तोंड पुसू लागली. "आवो, आदी नाय का सांगाचा? आमी काय खातो तुमाला? आन हात पोत्याला लावून डोले पुसलाव, गाल बगा, नवरी झालाव पिवली!"

केतनने पटकन दुसरीकडे पाहिलं. गोरख खाली उतरून घुटमळत उभा राहिला.

"मॅडम... तुमी बोललाव म्हनून बोलतो. गाडीचा ब्रेक परवापासून ढिला लागतो. तुमी वराडाल म्हनून गप होतो."

दिपाने गाडीकडे पाहिलं. अनंता दिवसभर त्याच गाडीच्या पुढे चालायचा. आपल्या कडकपणाची ही दुसरी बाजू तिने कधी पाहिलीच नव्हती. ती ओरडली नाही.

"चावी काढ, गोरख. गाडी बंद. पोती आपण हातानं भरू, मीही उचलते. उशीर झाला तर वरच्या साहेबांना मी सांगेन. आणि... सांगितलंस ते बरं केलंस."

गोरखची मान वर आली. "हो मॅडम!" असा मोकळा होकार तिने त्या यार्डात आजवर ऐकला नव्हता.

"ठकीमावशी, आत चला," केतन म्हणाला. "ऊन जाईल."

"नको." दिपा उठली. "मी येते."

"मॅडम, माझं चुकलं. मला वाटलं, तुम्ही माझ्यामुळे..."

"काय वाटलं ते कळलंय. म्हणून तर येते."

"जा तुमी," ठकी म्हणाली. "मी भायेरशी ठोकत ऱ्हातंय. आवाज येतो तवर मी हितंच हाय."

दार लागलं. ठक्... ठक्... पत्र्यावर ठकीच्या झाडूचा दांडा. दिपा त्या आवाजाला धरून उभी राहिली. बाजूला केतनचा श्वास.

"हात देऊ?"

"...द्या."

त्याचा हात गार होता. "तुमचा का थरथरतोय?" तिने विचारलं.

"मला काळोखाची भीती नाही वाटत."

"मग?"

"बाहेर गेल्यावर तुम्ही हात सोडाल... त्याची वाटते."

ठक्, ठक्.

"बदली मागू नका," ती म्हणाली.

"इन्चार्जचा हुकूम?"

"इन्चार्ज आत्ता घाबरलीय. हे दिपा सांगतेय. मला तुम्ही आवडता... फार आवडता. आणि आता काहीतरी बोला, नाहीतर मी पुन्हा दार बडवेन!"

त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला. तिने मान वर केली, तर छपराच्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा उजेड लखलखत होता.

"तो बघा!"

"अरेरे," केतन म्हणाला. "बाद."

दार उघडलं. डोळे मिचकावत दोघं उन्हात उभी राहिली. गोरखने अधीरपणे विचारलं, "पास?"

"बाद!" दिपा हसत म्हणाली.

"म्हंजी आता दुसरा कंटेनर? परत आत?"

सगळ्यांच्या नजरा खाली, तिच्या हाताकडे गेल्या. तिने केतनचा हात सोडला नव्हता. आता सोडलाही नाही.

"पलीकडच्या रांगेतला उघडा," ती म्हणाली. "ठकीमावशी, दार तुम्हीच लावून घ्या. आणि या वेळी ठोका जरा हळू... आत बोललेलं नीट ऐकू येत नाही."