अमका, तमकी आणि पलीकडचे

पडद्यावर त्याचं हसू आधी दिसायचं आणि विनोद नंतर ऐकू यायचा. चित्र आणि आवाज यांच्यात जेमतेम अर्ध्या श्वासाचं अंतर होतं. दुसऱ्या कुणाला ते जाणवलंही नसतं. पण ती पदार्थविज्ञान शिकलेली होती, आणि न्यायालयाच्या संगणक विभागात तिला सगळे 'मोजपट्टी' म्हणत ते काही उगीच नाही.

खरं तर त्या पहिल्या बैठकीत तो असायलाच नको होता. सीमेपलीकडच्या देशातल्या जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी कार्यालयाचे मोठे साहेब तापानं आडवे झाले, म्हणून ऐनवेळी याला धरून आणून खुर्चीत बसवलं होतं.

"मी बदली खेळाडू आहे," तो म्हणाला. "चुकलं तर साहेबांच्या नावावर, जमलं तर माझ्या."

"आमच्याकडे याच्या बरोब्बर उलटं असतं," ती म्हणाली.

पलीकडे हसू उमटलं... आणि मग ऐकू आलं.

साहेब बरे झाले, तरी बैठकीला तोच येत राहिला. का, ते तिनं विचारलं नाही.

काम सांगायला सोपं होतं, करायला महाकठीण. दोन देशांतल्या न्यायालयांना एकमेकांच्या नोंदी थेट विचारता याव्यात. आजवर साधा दाखला मागवायचा तर अर्ज, शिक्का, टपाल, पुन्हा शिक्का. तोवर पक्षकारांचे केस पांढरे व्हायचे. आता इकडच्या संगणकावरून प्रश्न जाणार होता आणि तिकडून डिजिटल सहीनिशी उत्तर येणार होतं. खऱ्या माणसांवर असले प्रयोग करता येत नाहीत, म्हणून चाचणीपुरती दोघांनी दोन खोटी माणसं तयार केली. इकडची तमकी, तिकडचा अमका.

"आज अमका-तमकीचं लग्न लावू या?" तो विचारायचा.

"कालच तर घटस्फोट झाला त्यांचा!"

"तमकीनं फारच घाई केली. अमक्याचं म्हणणं ऐकून तरी घ्यायचं."

"अमक्याची सही वेळेत पोचली नाही. एकतर्फी निकाल लागला."

"अमका लाजाळू आहे हो..."

ती कळफलकाकडे बघायची. कान मात्र गरम व्हायचे.

"मोजपट्टी," शेजारच्या टेबलावरच्या लिपिक बाई म्हणाल्या, "किती वेळा तपासशील तो माइक? झिजेल बिचारा. पलीकडचे यायला अजून अवकाश आहे."

"आवाज नीट जायला हवा."

"हो बाई, आवाजच!"

चाचण्या पुरेशा झाल्यावर खरी प्रकरणं जाऊ लागली. त्यांत एक तिच्या आत्याचं होतं. आईवडिलांमागं तिला वाढवलं ते या आत्यानं. आतोबा नोकरीसाठी पलीकडे गेले, नंतर पत्रं थांबली. तिकडे इस्पितळात वारले अशी नुसती ऐकीव बातमी. पुरावा नाही, म्हणून घर नावावर होईना. आणि आत्या ना धड बायको, ना धड विधवा. घरचंच प्रकरण, म्हणून तिनं ते आपण होऊन दुसऱ्या अधिकाऱ्याकडे दिलं. झटक्यात उत्तर आलं — नोंद आढळली नाही.

"आज तमकी गप्प का?" त्यानं विचारलं.

तिनं सांगितलं. थोडक्यात, नेहमीसारखं.

तो या वेळी हसला नाही. "आढळली नाही म्हणजे नाहीच असं नसतं. जुन्या इस्पितळांची पुस्तकं आमच्या तळघरात पडलीत. ती संगणकावर चढलीच नाहीत कधी."

"माझ्या आत्यासाठी नियम वाकवू नका."

"कोण वाकवतंय? सगळीच पुस्तकं चढवतो. तुमच्या आत्यांसारख्या आणखी कितीतरी जणी ताटकळल्या असतील."

त्यानंतर तो पडद्यावर यायचा तो बाहीवर धूळ घेऊन. बोलता बोलता शिंका. शिंकही आधी दिसायची, मग ऐकू यायची. ती हसायची. सगळीच पुस्तकं — कुणी न सांगता, कुणी शाबासकी न देता!

ऋतू बदलला तेव्हा प्रश्न पुन्हा पाठवला गेला. या वेळी उत्तर आलं. आतोबांचं नाव, इस्पितळ, दिवस, खाली पलीकडची सही. आत्या खूप रडली, आणि मग कित्येक वर्षांनी दिवा मालवून शांत झोपली.

चाचणीची खोटी माणसं पुसून टाकायचा दिवस आला.

"अमका-तमकीचं झालं," तो म्हणाला. "आता... आपलं काय?"

तिनं समोरची वही मिटली, पुन्हा उघडली.

"मला वेळ हवा."

"घ्या. आमच्या तळघरात माणसं पन्नास-पन्नास वर्षं वाट बघतात."

त्यानं पुन्हा विचारलं नाही. रोज कामाचं बोलायचा, शिंकायचा, हसायचा. तिचं उत्तर मात्र आज-उद्या करत लांबत गेलं.

"घोडं कुठं अडलंय?" शेवटी आत्यानंच विचारलं.

"आत्या, मला कळतच नाही. तो आवडतो, की त्याच्या उपकारांनी मी दबलेय? आभाराला प्रेम समजून बसले, तर त्याची फसवणूक होईल गं."

आत्यानं कपाळावर हात मारला. "इतकी शिकलीस आणि एवढं कळेना? नवरा कुणाचा सापडला? माझा! उपकार कुणावर झाले? माझ्यावर! ते मी फेडीन माझ्या पद्धतीनं. तू तुझं बघ."

त्या संध्याकाळी ती खिडकीशी बसून राहिली. एक कारण बाजूला काढायचं आणि परिणाम उरतो का ते बघायचं — ही तर तिची जुनी शिकवण. आतोबांची नोंद कधी सापडलीच नसती तर? तळघर रिकामंच निघालं असतं तर? तिला तो माइक आठवला, पुन्हा पुन्हा तपासलेला. तेव्हा तर आत्याचं प्रकरण गेलंही नव्हतं... आणि ती एकटीच, स्वतःशीच हसली.

दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांची समोरासमोर बैठक ठरली. तो आला, खांद्यांवर पावसाचे थेंब घेऊन. पडद्यावर वाटायचा त्यापेक्षा उंच आणि अमक्याइतकाच लाजाळू. न्यायालयाच्या व्हरांड्यात आत्या आधीच येऊन थांबली होती. तिनं त्याचे दोन्ही हात घट्ट धरले.

"बाळा, माझं माणूस तू मला परत दिलंस. सुखी राहा."

"अहो आत्या, माझं कामच होतं ते..."

"काम सगळेच करतात रे. असं कोण करतं?" तिनं डोळे पुसले आणि भाचीकडे एक नजर टाकली. "मी त्या बाकावर बसते. मला हल्ली कमी ऐकू येतं."

"कधीपासून?"

"आत्तापासून!"

व्हरांड्यात दोघंच उरली. पन्हळीतून पाणी ठिबकत होतं. त्याच्या केसांना ओल्या मातीचा वास होता. हे पडद्यानं कधीच कळवलं नव्हतं.

"आत्यानं आभार मानले ना?" तिनं विचारलं.

"मानले की! बोटं अजून दुखतायत."

"मग तो हिशेब मिटला. माझ्याकडे आता आभार उरलेले नाहीत."

त्याचा चेहरा किंचित उतरला. "बरं..."

"पूर्ण ऐकून तरी घ्या." तिनं नजर वळवली नाही. "ते बाजूला काढल्यावर काय उरतं ते मी तपासलंय. पुन्हा पुन्हा तपासलंय, म्हणून इतका उशीर झाला. इकडे राहायचं की तिकडे, ते मिळून ठरवू. पण... मला तुमच्याशी लग्न करायचंय."