सात पानांची खोली

वडलांना जाऊन बारा वर्षं झाली होती. तेराव्या वर्षाच्या श्राद्धाचं जेवण कुठे द्यायचं, एवढाच प्रश्न होता.

नेहमीचं ठिकाण बंद झालं होतं. मालकीणबाईंचा खुबा मोडला आणि मुलाने जागेला कुलूप लावलं. तसं जपानातल्या कानाझावा शहरात चांगल्या जेवणाला तोटा नाही असं लोक म्हणतात. पण ते लोक नोबुए आसाकुराबरोबर जेवायला गेलेले नसतात. एकसष्ट वर्षांची ही बाई चौतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होती. रोज सहाशे पोरांचं जेवण तिच्या हाताखालून जायचं. साराचा चमचाभर मूळ रस जिभेवर ठेवला की त्यात समुद्रशेवाळ किती वेळ भिजलं आणि वाळवलेला मासा कोणत्या दर्जाचा, हे ती डोळे मिटून सांगायची, आणि समोरच्याला आवडो न आवडो, मोठ्याने सांगायची.

"स्वतःच का नाही करत मग?" धाकट्या भावाने, तामोत्सुने, सकाळीच विचारलं होतं. तो ओसाकाहून दोन दिवस आधी आला होता, मदतीला म्हणून.

"बाबांसाठी जिवंतपणी रांधलं तेवढं पुरे," नोबुए म्हणाली. "आता दुसऱ्याच्या हातचं जेवूदेत."

 तामोत्सुला हे माहीत होतं. एकोणिसाव्या वर्षी तो घर सोडून गेला आणि म्हातारा ताईच्या वाट्याला आला. तोयामाच्या एका आचाऱ्याने तिला मागणी घातली होती. दोघांनी मिळून छोटी खानावळ काढायची असं ठरतही आलं होतं. बाबांनी तेव्हा एकच प्रश्न विचारला, "माझ्या जेवणाचं कोण बघणार?" आणि तो विषय संपला. शेवटची नऊ वर्षं म्हातारा अंथरुणाला खिळून होता. भात हवा असला की हाक नाही मारायचा. जेवायच्या काडीने वाडग्यावर टिंग, टिंग असं दोनदा वाजवायचा. आई होती तोवर ती घाबरून पुटपुटायची, "असं वाजवू नये हो, उपाशी भुतं जमतात." पण नोबुए हातातलं काम टाकून धावायची. टिंग, टिंग. नऊ वर्षं.

तर दुपारी दोघं निघाली. आभाळ काळंभोर झालं होतं आणि समुद्राच्या बाजूने हिवाळ्यातला तो गडगडाट येत होता, ज्याने म्हणे मोठे मासे जागे होऊन किनाऱ्याकडे येतात.

पहिल्या ठिकाणी आइस्क्रीमवर सोन्याचा वर्ख होता. नोबुए दारातूनच वळली. दुसऱ्या ठिकाणी तिने रसाचा एक घोट घेतला आणि आचाऱ्याला विचारलं, "पुडी कुठल्या कंपनीची?" तामोत्सुने वाकून वाकून माफी मागितली आणि तिला बाहेर ओढलं. तिसऱ्या ठिकाणी जेवण खरंच चांगलं होतं, पण पुढचे दोन महिने एकही जागा रिकामी नव्हती.

"ताई, तुझ्या जिभेपायी श्राद्धाला सगळे उपाशी राहणार."

"राहूदेत. बाबांना तरी कळेल उपास म्हणजे काय."

बर्फ भुरभुरायला लागला. दोघं कालव्याच्या कडेने परत निघाली आणि तेवढ्यात नोबुए थबकली. तिचं नाक वर झालं.

"काय गं?"

"रस," ती हळूच म्हणाली. "खरा रस... कुणीतरी पहाटेपासून राबलंय."

वासामागे वासामागे ती एका बोळात शिरली. या शहरात तिचा जन्म गेला होता, पण हा बोळ तिने पाहिला नव्हता. दोन्ही बाजूंना उंच मातीच्या भिंती होत्या आणि टोकाला एक जुनं लाकडी घर. दाराला पाटी नव्हती, पडदा नव्हता. पण उंबऱ्यावर नुकतंच पाणी शिंपडलेलं होतं, आणि दार अर्धं उघडं होतं.

आत एक बाई गुडघे टेकून बसली होती. वय कळेना. तिने जमिनीला कपाळ लावलं.

"या. तुमची खोली तयार आहे."

"आम्ही आधी सांगितलेलं नाही," तामोत्सु म्हणाला. "नुसती चौकशी करायला आलो. श्राद्धाचं जेवण आहे, परवा."

"हो. सात पानं."

बहीणभावांनी एकमेकांकडे पाहिलं. सातच होती: नोबुए, तामोत्सु, त्याची बायको, दोन मुलगे, यासु आत्या आणि तिचा मुलगा.

"देवळातून कुणी सांगितलं असेल," तामोत्सु पुटपुटला. त्याला भूक लागली होती. भुकेल्या माणसाला कुठलंही कारण पुरतं.

खोली सुरेख होती. चटया हिरव्यागार, नव्या गवताच्या वासाच्या. सात ताटं, सात वाडगे. बाजूच्या खोलीशी मधे फक्त कागदी सरकतं दार. तिथे कुणीतरी जेवत असावं. काड्यांचा बारीक आवाज येत होता. बाईने दोघांपुढे चवीसाठी एकेक लहान वाडगा ठेवला. बदकाचं मांस, दाट रस, वर चिमूटभर हिरवी तिखट वासाबी. नोबुएने वाडगा हातात घेतला आणि नुसता वास घेतला. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. चौतीस वर्षांत तिला स्वतःला असा रस एकदाही जमला नव्हता, आणि तिला त्याचा राग आला.

तामोत्सुने तोवर पहिला घास गिळला होता. "ताई..." त्याचे डोळे भरून आले. "ताई, चाखून बघ गं."

नोबुएने वाडगा तोंडाशी नेला.

टिंग, टिंग.

बाजूच्या खोलीतून आलं ते. आणि नोबुए उठली. विचार करून नाही. तिचे गुडघेच उठले. अर्धी उभी राहिल्यावर तिच्या ध्यानात आलं की बारा वर्षं झाली, आता ज्याच्यासाठी उठायचं तो माणूस नाही.

"कोण आहे तिकडे?" तिने विचारलं.

"नेहमीचे पाहुणे," बाई हसून म्हणाली. "रोज वाट बघतात. माझी माणसं येतील, म्हणतात... सगळी मिळून जेवू, म्हणतात..."

बोलता बोलता ती ताट सारखं करायला पुढे वाकली, आणि नोबुएला तिच्या किमोनोचा गळा दिसला. उजवी बाजू डावीवर घेतलेली होती. जिवंत माणूस डावी वर घेतो. उजवी वर घेतात ती तिरडीवर ठेवताना. नोबुएने स्वतःच्या हातांनी बाबांना तसं नेसवलं होतं. शंकेला वावच नव्हता.

"तामोत्सु," ती म्हणाली, "तोंडातलं थुंक."

"अं?"

"थुंक म्हणते ना!"

त्याच्या तोंडात दुसरा घास होता. तिने त्याचा जबडा धरला, लहानपणी तो माती खायचा तेव्हा धरायची तसा, आणि बोट घालून घास बाहेर काढला. तो हिरव्या चटईवर पडला. बाईचं हसू तसंच होतं. फक्त तिने पापणी लववली नाही.

"पान अर्धं टाकून उठू नये," ती म्हणाली.

टिंग, टिंग. आता जोरात. आणि मग कागदाआडून आवाज आला. खरखरीत, घशात कफ अडकलेला, नोबुएला स्वतःच्या आवाजाइतका ओळखीचा.

"नोबुए... भात."

तामोत्सुचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई... बाबा..."

  त्या एका शब्दाने नोबुए पेटली. बारा वर्षांनी भेटतोय हा माणूस. कशी आहेस नाही, थकलीस का नाही. भात! ती त्या कागदी दाराजवळ गेली आणि समोर मांडी ठोकून बसली. दाराला तिने हात लावला नाही.

"भात संपला, बाबा."

पलीकडे काडी वाडग्याच्या काठावर घासली.

"मी उघडणार नाही. तुमचं तोंड बघायला आले नाही मी. नऊ वर्षं तुम्ही वाजवलंत आणि मी धावले. एकदा तरी म्हणालात, बस, तूही जेव? आता सगळ्यांना शेजारी बसवून जेवायचंय होय? या पोराला घर सोडून गेला म्हणून दाराशी उभं केलं नाहीत, आणि आता त्याला घास भरवताय?"

"नोबुए..." आवाज बारीक झाला होता. रडवेला. तो रडवेला आवाज तिने कधीच ऐकला नव्हता, आणि क्षणभर तिचा हात दाराकडे गेला... आणि थांबला.

"नाही," ती म्हणाली. "तुमचं जेवण झालंय. काड्या खाली ठेवा."

मग वाजायला लागलं. बाजूच्या खोलीत नाही, सगळीकडे. वरच्या मजल्यावर, ओसरीपलीकडे, भिंतींच्या आत कुठेतरी. टिंग टिंग टिंग, शेकडो वाडगे, शेकडो भुकेली माणसं. घर थरथरत होतं. बाई अजून गुडघ्यांवरच बसलेली होती, पण आता बाहेरच्या दारात, वाट अडवून. ती तिथे कधी गेली, कुणी पाहिलं नाही.

"सरक," नोबुए म्हणाली.

"यांचा एक घास पोटात गेलाय," बाई मऊ आवाजात म्हणाली. "ते आमचे झाले."

"सहाशे पोरांना वाढलंय मी. कोण कुणाच्या पंगतीचं, हे मला शिकवू नकोस."

तिने भावाचं मनगट धरलं, दुसऱ्या हाताने त्या बाईच्या खांद्याला धक्का दिला—खांदा थंड होता, ओल्या मातीसारखा—आणि दोघं मोज्यांनिशीच बर्फात बाहेर पडली. बूट आणायला परत कुणी गेलं नाही.

श्राद्धाचं जेवण नोबुएने घरी केलं. पण बाबांच्या आवडीचं एकही नाही. लसणाचा रस्सा, जो म्हाताऱ्याने उंबऱ्याच्या आत येऊ दिला नव्हता. आणि आंबवलेल्या सोयाबीनचं मिसो घालून खेकड्याचं सार, कारण खेकडा फोडत बसणं त्याला वेळेची नासाडी वाटायची.

"दादाला हे चाललं नसतं गं," यासु आत्या म्हणाली.

"म्हणूनच केलंय, आत्या."

आत्याने एकदा पितरांच्या कोनाड्याकडे पाहिलं आणि मग खुदकन हसली. पोरं रश्श्यावर तुटून पडली. तामोत्सुही हसत होता. दोन दिवसांत त्याच्या चेहऱ्यावर रंग परतला होता. नोबुएने चुलीवरचं पातेलं उतरवलं आणि उकळतं सार सात वाडग्यांत वाढलं.

सहा वाडग्यांतून वाफ वर आली.

तामोत्सुच्या वाडग्यातून आली नाही.

त्याने घोट घेतला. "हाय! जीभ भाजली. मस्त झालंय, ताई."

"हो?" नोबुए म्हणाली. "माझ्यात खेकडा जास्त आलाय. हा घे." तिने स्वतःचा वाडगा त्याच्यापुढे सरकवला आणि त्याचा आपल्याकडे घेतला. तिच्या हाताशी येताच त्या वाडग्यातून वाफ निघायला लागली. भावापुढे ठेवलेल्यातली मात्र फुंकर मारून दिवा विझवावा तशी गेली.

बाकी कुणाचं लक्ष नव्हतं. त्या चटईवर पडला तो दुसरा घास होता; पहिला आतच राहिला होता. नोबुएने कोनाड्याकडे पाहिलं नाही. ती उठली, पातेलं पुन्हा चुलीवर चढवलं, खळखळून उकळू दिलं आणि घेऊन आली.

"अगं, भरलेलाच आहे माझा," तामोत्सु म्हणाला.

"पी तो. संपव," नोबुए म्हणाली. "माझ्या घरात गरमच जेवायचं."

त्याने वाडगा रिकामा केला. तिने तो पुन्हा काठोकाठ भरला, आणि पळी हातात घट्ट धरून त्याच्या शेजारी बसून राहिली. वाफ आली नाही. तिने तिसऱ्यांदा पातेलं चुलीवर ठेवलं.