खडकजुईच्या उतारावर

तिच्या हातात उपटलेली मोजणीची खुंटी होती आणि समोर खुंटीचा मालक उभा होता. आता सांगा, पळणार कुठे?

पळायचा विचार तिनं केलाही नाही म्हणा. रोपवाटिकेवाले तिचे वडील तिला उगाच ‘खुरपी’ म्हणत नव्हते.

“ती माझी आहे,” खांद्यावरची दुर्बिणीची तिपाई टेकवत मोजणीवाला म्हणाला.

“मग घरी नेऊन ठोका. इथे झाडं आहेत.”

“इथे रस्ता येणार आहे.”

“येऊ दे की. मी इथेच आहे!”

तो हसला. भांडायच्या वेळी माणसानं इतकं छान हसू नये... त्यानं निमूटपणे खुंटी घेतली आणि जागेवर ठोकली. दुसऱ्या दिवशी तिनं ती पुन्हा उपटली. मग हा रोजचाच खेळ झाला. हल्ली आपण केस नीट विंचरून खुंट्या उपटायला जातो, हे मात्र तिनं स्वतःशीसुद्धा कबूल केलं नाही.

भांडण होतं खडकजुईवरून. गुडघ्याएवढं झुडूप, खडकाच्या भेगेत मूळ रोवून उभं, खालच्या ओढ्यातून वर येणाऱ्या धुक्यावर पोसलेलं. हा एवढा उतार सोडला तर आसपास कुठेच नाही. फुलं पांढरीशुभ्र, गळ्याशी गुलाबी.

“लाजल्यासारखी दिसतात,” एकदा तो वाकून म्हणाला.

“लाजत नाहीत. रागावलीत तुमच्यावर.”

“फुलं... की आणखी कोणी?”

ती पुढच्या खुंटीकडे वळली. कानाच्या पाळ्या उगाच गरम झाल्या.

आणि मग त्यानं घोळ घातला. एका सकाळी तो रोपवाटिकेच्या दारात उभा – हातात मातीच्या गोळ्यासकट खडकजुईचं झुडूप, तोंडावर हे एवढं समाधान.

“तुमच्यासाठी... एक तरी वाचवलं.”

“वाचवलं? अहो, उपटलंत तुम्ही!”

“तुम्ही खुंट्या उपटता, ते चालतं?”

“खुंटीला मुळं असतात का?”

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. वडील मात्र खुशीत पुढे आले. “आण इकडे. माझ्या हातात वाळकी काठीसुद्धा फुटते.” एवढ्यावर न थांबता त्यांनी रस्त्याच्या मोठ्या साहेबांना शब्दही देऊन टाकला. उतारावरची सगळी झुडपं कुंड्यांत हलवतो, जगवून दाखवतो! साहेबांना तेवढंच हवं होतं. झुडपं जगणार असतील तरच रस्त्याला मंजुरी होती.

वडिलांनी झुडूप कुंडीत लावलं, सावली दिली, पाण्याचे फवारे दिले, जागा बदलून पाहिली. पानं गळतच राहिली. ती मोजणीवाल्याशी बोलेनाशी झाली. शेवटी तोच आला.

“माझं चुकलं. माफी मागून झाड उगवत नाही, कळतंय मला. म्हणून ओढ्याच्या खालच्या अंगानं मोजून आलो. थोडा वळसा पडतो, पण रस्ता जातो तिकडून.”

“साहेबांना सांगितलंत?”

“सांगितलं. म्हणाले, तुला कोणी विचारलं?”

“मग?”

“मग काय... उद्या परत सांगणार. सगळ्यांसमोर.”

तिचा राग तिथल्या तिथे विरघळला. आणि तो इतका पटकन विरघळला, याचाही तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी उतारावर साहेब, पहारी घेतलेली माणसं आणि रिकाम्या कुंड्या घेऊन आलेले वडील. ती आली ती तरातरा, आणि वाळलेल्या झुडपाची कुंडी तिनं धाडकन साहेबांच्या जीपच्या बॉनेटवर ठेवली.

“बाबा, हे जगलंय असं म्हणा. मी गप्प घरी जाते.”

वडिलांनी एक फांदी वाकवली. ती कट्‌कन मोडली. आयुष्यभर हाताच्या गुणाची फुशारकी मारलेला माणूस! त्यांनी मोडकी फांदी कुंडीत ठेवली.

“नाही जगलं, साहेब. माझ्या हातात नाही जगलं. बाकीचीही जगायची नाहीत. मी शब्द परत घेतो.”

“लेकीच्या हट्टापायी?”

“लेक बरोबर बोलतेय, म्हणून.”

“रस्ता खालून जातो, साहेब,” मोजणीवाला पुढे झाला. “मी मोजलंय.”

“तू उद्यापासून कामावर येऊ नकोस!”

“उद्यापासून ना? मग आज आहे मी.” त्यानं हातोडा उचलला आणि सरळ ओढ्याकडे उतरू लागला. तिनं त्याची खुंट्यांची पिशवी खांद्याला अडकवली आणि त्याच्यामागे निघाली.

साहेबांनी एकदा कुंडीकडे पाहिलं. मंजुरी तर आता गेलीच होती. मग तेही धुसफुसत खाली उतरले. “दाखव, काय मोजलंयस ते.”

खाली ओल्या मातीत ती खुंटी धरून बसली. वर उतारावर धुकं चढत होतं आणि त्यात खडकजुई ताठ उभी होती.

“ही नाही ना उपटणार?” त्यानं हळूच विचारलं.

“तू इथे थांबणार असशील... तर नाही.”

“नोकरी गेली माझी.”

“मला नोकरी नाही, तू आवडतोस,” ती म्हणाली. “आणि आता हातोडा जपून मार. बोट माझं आहे.”

त्यानं हातोडा खालीच ठेवला.