न ढळलेला सूर

"मी चोर नाही," ती दारातच म्हणाली, आणि मगच खुर्चीवर बसली.

तिच्या मांडीवर एक छोटी पेटी होती. पेटीत चार तारांचं, गिटारच्या धाकट्या भावंडासारखं दिसणारं वाद्य होतं. युकुलेले. ती ते शिकवायची.

खाजगी तपासाचं हे ऑफिस ज्या बाईंचं होतं, त्यांना सगळेच वहिनी म्हणत. कारण त्यांच्या मदतीला त्यांचे दीर असायचे, आणि ते दिवसभर "वहिनी, वहिनी" करत असायचे. वहिनी त्यांना भावोजी म्हणत आणि अवघड फायली त्यांच्यापासून जरा लांब ठेवत.

"चोर नाही, हे तुम्ही सांगितलंत. चोरीला काय गेलं?" वहिनींनी विचारलं.

"डॉक्टरांच्या बायकोचं पाचूचं पदक. त्या गेल्या वर्षी वारल्या. आजारपणात माझ्याकडून युकुलेले शिकायच्या. आता त्यांची मुलगी शिकते. रविवारी दुपारी पदक गेलं, आणि त्या वेळी घरात परकी अशी मी एकटीच. डॉक्टरांच्या बहिणीनं, म्हणजे घरातल्या आत्याबाईंनी, तोंडावर सांगितलं, पुन्हा या घरात पाऊल टाकायचं नाही."

"सुरुवातीपासून सांगा."

"मी गेले तेव्हा मुलगी बाहेर होती. गार हॉलमध्ये बसून मी वाद्य सुरात लावलं. तेवढ्यात तिचा नवरा, म्हणजे डॉक्टरांचे जावई आले. त्यांनाही मी थोडं शिकवते. म्हणाले, 'बाई, ती येईपर्यंत द्या ना, गच्चीवर सराव करतो.' मी म्हटलं, बाहेर आग ओकतंय, तापलं तर लाकडाचे सांधे उकलतील. म्हणाले, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसतो. तासाभरानं ते खाली आले, माझ्या हातात वाद्य दिलं. पाठोपाठ मुलगी आली आणि आम्ही लगेच धडा सुरू केला."

"लगेच? पुन्हा न जुळवता?"

"गरजच नव्हती. छेडलं तर चारही तारा चोख. धडा संपताना डॉक्टरांनी ड्रॉवर उघडला, डबी रिकामी."

वहिनींनी पेटीकडे पाहिलं. "हे घेऊन उद्या डॉक्टरांकडे या. आत्याबाईंचं मी बघते."

*

डॉक्टरांचं घर तीन मजली होतं. खाली दवाखाना, मध्ये हॉल आणि त्याला लागून अभ्यासिका, वर झोपायच्या खोल्या. गच्चीवरून एक मागचा जिना थेट अभ्यासिकेच्या दुसऱ्या दारापाशी उतरत होता. पदकाचा ड्रॉवर अभ्यासिकेत होता. त्याला कुलूप नव्हतं.

"घरच्या घरात कुलूप कशाला?" डॉक्टर म्हणाले. ते थकलेले दिसत होते. "आणि ती शिकवणारी मुलगी ते चोरेल कशाला? मी ते तिलाच देणार होतो. माझ्या बायकोची तशी इच्छा होती."

"हे तिला माहीत होतं?"

"नाही. शनिवारी रात्री मी फक्त लेकीला आणि जावयाला सांगितलं. बहिणीलाही नाही, ती घर डोक्यावर घेईल."

भावोजी वहिनींच्या कानाशी लागले. "म्हणजे शिक्षिकेवरचा संशय कायमच!"

"हो. पण आणखी एकावर आला."

आत्या वरच्या मजल्यावर होत्या. त्यांच्या खोलीच्या छतालगतचा झरोका गच्चीकडे उघडत होता.

"मला जावयाबद्दल विचारू नका," त्या फणकारल्या. "तो गच्चीवरच होता. तासभर माझं डोकं उठवलं त्यानं! एकच गाणं. आणि दरवेळी त्याच कडव्यात, त्याच सुरावर अडखळायचा. तसूभर फरक नाही. माणसाला एकदा तरी जमावं की नाही?"

"वर जाऊन सांगितलं नाहीत?"

"त्या उन्हात? मला काय वेड लागलंय?"

जावई हसतमुख होता. त्यानं पाहुण्यांना पाणीही स्वतः आणून दिलं.

"एक तास वाजवत होतो. घाम पुसायला तेवढा थांबलो असेन."

"टाकीच्या सावलीतच?"

"सावली कसली, भट्टी होती."

"मग मधेच सूर लावावा लागला असेल. खुंट्या पिळल्यात?"

"छे! खुंट्यांना हात लावायचा नाही, अशी बाईंची सक्त ताकीद आहे. आणि मला जमतही नाही."

"नशीबवान आहात," वहिनी म्हणाल्या, आणि भर दुपारी युकुलेले घेऊन स्वतः गच्चीवर निघाल्या. त्याआधी हॉलमध्ये शिक्षिकेकडून त्यांनी ते नीट सुरात लावून घेतलं. भावोजी रुमाल डोक्यावर टाकून मागोमाग गेले. तासाभरानं दोघं खाली उतरले, तेव्हा भावोजींचं नाक टोमॅटोसारखं झालं होतं.

*

सगळे हॉलमध्ये जमले. लेकही कामावरून आली होती.

"वाजवा," वहिनींनी वाद्य शिक्षिकेच्या हातात दिलं.

तिनं बोटं फिरवली आणि कपाळाला आठ्या पडल्या. आत्यांनीसुद्धा तोंड वाकडं केलं.

"खुंट्यांना कोणी हात लावलेला नाही," वहिनी म्हणाल्या. "भावोजी साक्षीदार आहेत. मग सूर का बिघडला?"

"गरमीनं," शिक्षिका म्हणाली. "तारा नायलॉनच्या. तापमान बदललं की त्यांचा ताण बदलतो. लाकूडही हलतं. जाड तार वेगळी सरकते, बारीक वेगळी, म्हणून एकमेकींशीही जुळत नाहीत. गार खोलीत थोडा वेळ ठेवलं, की पुष्कळसं आपोआप जागेवर येतं." बोलता बोलता तिचा आवाज मंदावला. "पण त्या दिवशी..."

"त्या दिवशी ते गच्चीवरून थेट तुमच्या हातात आलं, आणि चोख सुरात होतं. लक्षात आलं, भावोजी?"

"म्हणजे... त्या दिवशी ऊन कमी होतं?"

"म्हणजे हे वाद्य गच्चीवर थांबलंच नव्हतं. आत्याबाईंनी जे ऐकलं, ते मोबाइल वाजवत होता. माणूस तासभर एकच गाणं वाजवेल, पण दरवेळी तंतोतंत तीच चूक करणार नाही. ती रेकॉर्डिंगचीच खोड. झरोक्यापाशी मोबाइल ठेवायचा, वाद्य घेऊन मागच्या जिन्यानं गार अभ्यासिकेत उतरायचं, सावकाश ड्रॉवर शोधायचा. हॉलमधलं दार बंद, इकडे बाई एकट्या बसलेल्या. आळ कोणावर येणार ते ठरलेलंच. आणि बाईंनी बजावलं होतं म्हणून वाद्याला ऊन लागू दिलं नाही. तेवढी काळजी घेतली नसती, तर माझ्या हाती काहीच नव्हतं."

जावयानं हसायचा प्रयत्न केला. "मी सूर लावला असेन. आता आठवत नाही."

"काल रात्रीचं जेवणसुद्धा आठवत नसेल. पण खुंट्या पिळायला जमत नाही, हे तुम्ही मला आजच सांगितलंत."

जावयाचे खांदे पडले.

"गाडीत आहे," तो म्हणाला. "स्टेपनीखाली. मला तिला तुरुंगात घालायचं नव्हतं. ती फक्त घरात यायची बंद झाली असती. घरचा दागिना बाहेरच्या बाईला का द्यायचा?" तो बायकोकडे वळला. "मी तुझ्यासाठी केलं. तुझ्या आईची वस्तू तुझ्याकडेच राहायला हवी होती."

लेक जागची हलली नाही.

"शनिवारी रात्री तू झोपलास," ती म्हणाली, "आणि मी बाबांच्या खोलीत गेले. त्यांना म्हटलं, द्या. नक्की द्या. शेवटी शेवटी आईला नीट बोलताही येत नव्हतं, पण ही आली की तिची बोटं हलायची. मला एकदा विचारलं असतंस, तर मी सांगितलं असतं."

तिनं हात पुढे केला आणि त्यानं गाडीची किल्ली तिच्या तळव्यावर ठेवली. ती एकटीच खाली गेली.

पदक आलं, तेव्हा शिक्षिका रडत होती. घ्यावं की नको, तिला ठरवता येईना. लेकीनं तिला ठरवूच दिलं नाही. मागे उभं राहून तिनं साखळीची कडी लावली.

आत्या एवढा वेळ खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्या उठल्या, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या.

"ए मुली," त्या मागे न बघता म्हणाल्या, "मी वाटेल ते बोलले. आता जेवल्याशिवाय जायचं नाही. आणि माझ्या भावजयीला काय शिकवायचीस, ते मला ऐकव. मी कधी ऐकायला बसलेच नाही."